शिरोलीचा बंद ट्रेलर: पद्मिनी पुण्याला पोचवली त्याची हकीकत

आधी निकाल सांगतो. काम चांगलं झालं, पैसे जरा जास्तच गेले आणि वेळेच्या बाबतीत ट्रेलरवाला गडी पक्का कोल्हापुरी निघाला. पुन्हा गाडी पाठवायची झाली तर याच्याकडूनच पाठवीन. एवढंच हवं असेल तर इथं थांबलात तरी चालेल. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहितो, कारण गाडी ट्रेलरवर चढवणं आणि बांधणं या बाबतीत आपल्याकडं भयानक बेफिकिरी आहे. ‘दोन दोर मारले की झालं’ म्हणणारे पैशाला पासरी भेटतात.

सेवेचं नाव आणि नंबर देत नाही, मालकानंच नको म्हटलंय. त्याच्याकडं ट्रेलर एकच आणि लग्नसराईत तो आधीच पुरत नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत बंद ट्रेलरवाला कुठं बसतो म्हणून दोन-चार शेडमध्ये विचारलंत तर पत्ता लागेल.

माझी गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. स्टिअरिंगला गिअर, पुढं अख्खी सीट, घरची जुनी गाडी. इंजिन कोल्हापूरच्या उद्यमनगरात उघडलं, बोअर करून बसवलं. पत्र्याचं काम झालं आणि मग रंग. रंगाला महिनाही झाला नव्हता तोवर पुण्याच्या धाकट्या भावाचा फोन, ‘दादा, पोरगी लग्नाला पद्मिनीतनंच येणार म्हणती.’ पुतणीच्या शब्दाबाहेर जायची आमच्या घरात कुणाची टाप नाही.

चालवत न्यायला इंजिनाची ना नव्हती. पण हायवे आठवा. कागलपासून साताऱ्यापर्यंत सहापदरीकरण चाललंय. कधी या सर्व्हिस रोडला, कधी त्या. पुढं डंपर, मागं डंपर आणि मध्ये खडी उडतीय. त्यात उसाचा हंगाम. नव्या रंगाची गाडी असल्या रस्त्यानं सव्वादोनशे किलोमीटर काढायची म्हणजे रंगाऱ्याला दुसऱ्यांदा पैसे द्यायची तयारी ठेवायची. उघड्या कॅरियरवर टाकली तरी खडी लागतेच, वर धूळ. म्हणून बंद ट्रेलर.

उघड्या कॅरियरचा अनुभव पदरात होताच. हीच गाडी काही वर्षांपूर्वी एकानं आणून दिली होती. त्याचं नाव सांगत नाही. त्यानं मागच्या अ‍ॅक्सलला साखळीचा आकडा अडकवला आणि कचकचून ताणला. पद्मिनीला मागं लीफ स्प्रिंग आणि सरळ अ‍ॅक्सल. ब्रेकचा पाइप त्या अ‍ॅक्सलच्या अंगावरूनच जातो. आकडा बरोबर पाइपावर बसला होता. दारात गाडी उतरवली, मी सहज पेडल दाबलं तर ते तळाला गेलं. चाक फिरत असतं आणि दारापुढं उतार असता तर काय झालं असतं याचा विचार नको. तो माणूस म्हणाला, ‘जुनी गाडी हाय, आधीच गेला असंल.’ तिथं विषय संपला.

माझा धंदा जिग-फिक्स्चरचा. कास्टिंग मशीनवर कसं धरायचं, हे ठरवून द्यायचं. तीस वर्षं एकच गोष्ट करतोय. जॉब कुठं टेकवायचा, कुठं दाबायचा आणि दाबल्यावर तो वाकतो का ते बघायचं. क्लॅम्प चुकीच्या जागी बसला की कितीही भारी मशीन असू दे, जॉब रिजेक्ट. त्यामुळं ट्रेलरवाल्याकडं गेलो ते बाहेरचा रंग आणि स्टिकर बघायला नव्हे. आत जाऊन फरशी बघितली आणि मग खाली झोपून तळ बघितला. मालक हसला नाही, उलट टॉर्च घेऊन आला. तिथंच माझं निम्मं मत झालं.

हा ट्रेलर मुळात भाड्यासाठी बांधलेला नाही. मालकाच्या घरातलं पोरगं रेसिंग करतं. कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेला कार न्यायची तर भाड्याच्या ट्रकचा भरवसा नाही, म्हणून त्यानं उद्यमनगरात स्वतः उभं राहून बांधून घेतला. दोन अ‍ॅक्सल, चार चाकं, आत सोळा फूट लांबी, चाकांच्या पेट्यांमधली मोकळी रुंदी साडेसहा फूट. खाली चेकर प्लेट, बाजूला प्लाय, छताला दोन व्हेंट. मागचं अख्खं दार खाली पडतं आणि तोच रॅम्प होतो. ओढायला इसुझूचा पिकअप.

फरशीत पट्टे अडकवायच्या डी-रिंग आहेत. इथं बरेच लोक फसतात. रिंग प्लायला किंवा नुसत्या पत्र्याला स्क्रूनं बसवलेली असते, दिसायला मजबूत. जोराचा ब्रेक लागला की पत्र्यासकट उपटून येते. याच्या रिंगा आरपार बोल्टनं खालच्या चॅनेलला धरलेल्या आहेत आणि खालून जाड प्लेट दिलेली आहे. हे बघायलाच मी झोपलो होतो.

आता वजनाचं. ट्रेलर ओढणाऱ्यांपैकी निम्म्यांना हा हिशेब माहीतच नसतो. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण 10 ते 15 टक्के वजन पुढं, पिकअपच्या हुकावर बसलं पाहिजे. त्याहून कमी बसलं, म्हणजे गाडी आत फार मागं उभी राहिली, की ट्रेलरचं शेपूट डोलायला लागतं. आपल्याला हे पुस्तकात वाचायची गरज नाही. हंगामात कुठल्याही कारखान्याच्या रस्त्यावर उभं राहा. ट्रॅक्टरच्या मागं दोन ट्रॉल्या, त्यातली मागची ट्रॉली उतारावर कशी झोके खाते ते बघा. तिच्या मागं मोटरसायकल घालायचं धाडस कुणी करत नाही. तेच झोके ट्रेलरला साठच्या वेगात बसले तर ओढणारी गाडीही सोबत फिरते. आणि ते सुरू झाल्यावर घाबरून ब्रेक मारला तर आणखी वाढतात. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हळू काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि वेग आपोआप उतरू द्यायचा, एवढंच हातात असतं. वजन फार पुढं गेलं तरी पंचाईतच. पिकअपचं ढुंगण बसतं, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग पोकळ लागतं आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात.

मालकाकडं प्रत्येक गाडीची वही आहे. रिकामा ट्रेलर 1,150 किलो, काट्यावर केलेला. पद्मिनी साधारण 900 किलो. म्हणजे 2,050, आणि हुकावर 205 ते 307 किलो यायला हवेत. गाडी चढवून, बांधून झाल्यावर तो ट्रेलर सरळ वजनकाट्यावर घेऊन गेला. काट्यावर पूर्ण ट्रेलर घातलाच नाही. हुक सोडला, ट्रेलर ओढताना जेवढा उंच असतो तेवढ्याच उंचीवर ठेवून फक्त पुढचं जॅकचं चाक काट्याच्या प्लॅटफॉर्मवर टेकवलं. मागची चारही चाकं बाहेर. आकडा आला 190. कमी. तिथंच पट्टे सोडून गाडी वीतभर पुढं घेतली, पुन्हा बांधली, पुन्हा काटा. 240. मग फरशीवर खडूनं पुढच्या चाकाची रेघ मारली आणि वहीत लिहिलं. काट्यावरचा माणूस वैतागला होता, त्याची उसाची लाइन लागलेली. मला मात्र शेडमध्ये डायल गेज लावून बारीक मापं घेत बसल्यासारखं वाटत होतं.

आता जरा मागं जातो, काट्यावर जायच्या आधी गाडी कशी चढवली ते सांगतो. हे बघायला शेजारच्या शेडमधली पोरंही येऊन उभी राहिली.

पिकअप ट्रेलरला जोडलेलाच ठेवला. हे फार महत्त्वाचं आहे. गाडीची पुढची चाकं रॅम्पवरून आत आली की तिचं वजन ट्रेलरच्या मागच्या कडेवर येतं आणि पुढचं तोंड वर उचलायला बघतं. ट्रेलर सुटा असेल तर मागं कलंडतो, गाडी निम्मी आत, निम्मी बाहेर. म्हणून पिकअप जोडलेला, हँडब्रेक ओढलेला, पिकअपच्या चाकांना ठोकळे, आणि ट्रेलरच्या मागच्या दोन कोपऱ्यांना खाली सोडायचे पाय. ते पाय जमिनीला टेकवून फळीवर बसवले. निघताना ते वर घ्यायला विसरू नये म्हणून मालकानं पिकअपच्या आरशाला लाल फडकं बांधून ठेवलं. पाय वर गेले की फडकं सुटतं. साधी युक्ती, पण माझ्या शेडमध्येही आता ती सुरू केलीय.

रॅम्प आणि जमीन जिथं मिळते तिथं आणि रॅम्प ट्रेलरच्या फरशीला मिळतो तिथं, अशा दोन ठिकाणी गाडीचं पोट घासतं. पद्मिनीला तशी अडचण कमी, पण मागचा सायलेन्सर लोंबतो. ट्रेलरवरच्या पोरानं रॅम्पच्या तोंडाला दोन लांब फळ्या लावल्या, चढ कमी झाला.

मी दार उघडून आत बसायला गेलो तर पोरानं अडवलं.

‘काका, आत बसायचं न्हाई. गाडी आपली आपण येती. तुम्ही बाजूला राहून बघा फकस्त.’

कारण आत गेल्यावर कळलं. पद्मिनीची रुंदी दीड मीटरच्या आत. दोन्ही बाजूला जेमतेम दहा-दहा इंच राहतात. दार उघडायला गेलं की ते थेट चाकाच्या पेटीवर आपटतं. म्हणजे चालवत आत घेतली तर ड्रायव्हर खिडकीतूनच बाहेर पडणार, तेही नव्या रंगाला पँटची बक्कल घासत. शिवाय बंद जागेत इंजिन चालू, धूर सगळा आत. म्हणून विंच, म्हणजे दोर गुंडाळून गाडी आत ओढणारं मोटरचं यंत्र.

विंच बारा व्होल्टचं, ट्रेलरच्या पुढच्या भिंतीशी मधोमध बसवलेलं, हातात रिमोट. गाडीला थेट आकडा लावला नाही. मऊ पट्ट्याचा फास पुढच्या क्रॉसमेंबरला, म्हणजे गाडीखालच्या आडव्या बीमला घेतला, बंपरला हातसुद्धा लावला नाही. मग दोर ताणला आणि थांबला. दोरावर मधोमध एक जुनं घोंगडं टाकलं. दोर तुटला तर तो चाबकासारखा परत येतो, घोंगड्यानं त्याचा जोर मरतो. आम्हा सगळ्यांना दोराच्या रेषेतून बाजूला काढलं. शेजारच्या शेडमधल्या एका पोराला दोनदा सांगावं लागलं.

मग बटण. गाडी वीतभर सरकायची, थांबायची. मागच्या चाकामागं दुसरा पोरगा लाकडी ठोकळा घेऊन उकिडवा चालत होता. गाडी वीतभर पुढं गेली की ठोकळा वीतभर पुढं. चाकाला टेकलेला नाही, पण बोटभर अंतरावर. दोर सुटला तर गाडी बोटभर मागं येऊन थांबणार. पुढची चाकं जराशी डावीकडं वळली तेव्हा मालकानं बटण सोडलं, खिडकीतून हात घालून स्टिअरिंग सारखं केलं, मग पुढं. कुणी ओरडलं नाही, कुणी ‘घे घे घे’ केलं नाही. मागचं चाक फरशीवर चढलं तेव्हा ट्रेलर मागच्या पायांवर किंचित बसला आणि कुरकुरला. गाडी अ‍ॅक्सलच्या पुढं गेली तसा पुढं झुकला, पिकअप जरासा दबला. एवढाच काय तो आवाज.

बांधणं. इथं मी मुद्दाम गप्प राहून बघत होतो. बॉडीला किंवा चॅसिसला पट्टा लावून खाली ताणला की गाडीची स्प्रिंग दबते. रस्त्यात खड्डा आला की स्प्रिंग आणखी दबते, क्षणभर पट्टा सैल होतो, आकडा निसटतो आणि स्प्रिंग परत उसळते. म्हणून चाकं बांधायची. टायरवरून जाळीसारखा पट्टा घालायचा आणि टायर फरशीला दाबायचा. वरची बॉडी आपल्या स्प्रिंगवर हवी तेवढी हलू दे, चाक हलता कामा नये. माझ्या धंद्याच्या भाषेत, जॉब जिथं टेकलाय तिथंच क्लॅम्प. चारही चाकं अशी बांधली. पुढच्या चाकांचे पट्टे पुढं ओढ घेणारे, मागच्यांचे मागं. ब्रेकचा होज आणि पट्टा यांत बोट फिरेल एवढी जागा आहे का, ते प्रत्येक चाकाला टॉर्च लावून बघितलं. मागच्या अ‍ॅक्सलला काहीही लावलं नाही. मी न सांगता.

पट्टे दोन इंची, रॅचेटचे म्हणजे दात्यांच्या हँडलनं ताणायचे, प्रत्येकाला निळं लेबल आणि त्यावर 2,500 डेकान्यूटन, म्हणजे ढोबळमानानं अडीच हजार किलोची ओढ. युरोपातल्या माल बांधायच्या नियमात पुढच्या दिशेनं वजनाच्या 80 टक्के आणि बाजूला व मागं 50 टक्के एवढी ओढ धरतात. 900 किलोच्या गाडीला पुढं 720. चार चाकं मिळून भरपूर झालं. लेबल नसलेला किंवा कडेला धागे सुटलेला पट्टा मालक वापरत नाही, असे दोन त्यानं माझ्यासमोर कात्रीनं कापून टाकले. थोडा देखावा असेल, पण कापले हे खरं.

शेवटी विंचचा दोर ढिला सोडला. मी विचारलं, राहू दे की ताणलेला, पाचवा पट्टा होईल.

‘काका, विंच वढायला असती, बांधायला न्हाई,’ मालक म्हणाला. बरोबर आहे. सतत ताण बसून विंचचा गिअर जातो आणि ऐनवेळी उतरवताना रडायची पाळी येते.

गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. टाकीत पेट्रोल पावच ठेवायला त्यानं आधीच फोनवर सांगितलं होतं. कार्ब्युरेटरची जुनी गाडी बंद डब्यात म्हणजे वास येणारच, म्हणून छताचे दोन्ही व्हेंट उघडे आणि आत फायर एक्स्टिंग्विशर. व्हीलकॅप, जॅक, स्टेपनी मीच काढून ठेवलं होतं. ड्रायव्हर सिगरेटवाला नव्हता, तंबाखूवाला होता, तेवढं बरं.

निघताना हुकाची तपासणी. पिकअपला पन्नास मिलिमीटरचा बॉल, त्यावर टोपीसारखा बसणारा ट्रेलरचा कप्लर, त्याची खिट्टी आणि खिट्टीला पिन. पिन लावून झाल्यावर ड्रायव्हरनं जॅक फिरवून ट्रेलरचं तोंड वर उचललं. पिकअपचा मागचा भाग सोबत वर आला. म्हणजे कप्लर बॉलवर खरोखर बसलाय. नुसता टेकलेला असता तर सुटून वर आला असता. हुकाच्या खालून दोन साखळ्या एकमेकींना छेद देऊन लावलेल्या. हुक सुटलाच तर ट्रेलरचं तोंड रस्त्यावर न आपटता त्या झोळीत पडतं. ट्रेलरला ओव्हररन ब्रेक आहेत. पिकअपनं ब्रेक मारला की ट्रेलर पुढं ढकलतो आणि त्या ढकलण्यानंच त्याचे स्वतःचे ब्रेक लागतात. शिवाय ट्रेलर तुटून सुटला तर त्याचे ब्रेक ओढणारी एक बारीक केबल. ती साखळीत नव्हे, पिकअपला वेगळी अडकवलेली.

प्रवासाबद्दल फार सांगण्यासारखं नाही आणि तेच चांगलं. मी पिकअपमध्येच बसलो. वेग साठच्या वर गेला नाही. पंचगंगेचा पूल ओलांडून किणी टोलनाक्याच्या पुढं गाडी बाजूला घेतली आणि ड्रायव्हर आत शिरला. हा थांबा कुठल्याही ट्रेलरवाल्याकडं असलाच पाहिजे. पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरमध्ये टायर आणि पट्टे आपापल्या जागी बसतात, त्यामुळं थोडी ढील येते. मागच्या डाव्या चाकाचा पट्टा दोन दाते सैल झाला होता. तो ओढला. मग ट्रेलरच्या चारही हबवर, म्हणजे चाकांच्या मधल्या भागावर, हाताचा पालथा पंजा ठेवून बघितला. कोमट, सगळे सारखे. एखादा हब चटका देणारा लागला तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक.

खंबाटकीला आपण पुण्याकडं जाताना घाट चढत नाही, बोगद्यातून जातो. आम्ही गेलो तेव्हा बोगदा ओलांडला की लगेच उतार आणि ते बदनाम एस वळण. ड्रायव्हरनं बोगद्याच्या आतच गिअर खाली आणला आणि वळण संपेपर्यंत इंजिनानंच गाडी धरली. मागून एक बस हॉर्न वाजवून वाजवून थकली. ओव्हररन ब्रेक उतारावर सतत लागलेले राहिले की तापतात आणि मग लागतच नाहीत, हे त्यानं मला सांगितलं. मी त्याला पगार विचारला आणि तो मनात लिहून ठेवला.

आता तक्रारी. सकाळी सहाला येतो म्हणून गडी साडेआठला आला. कारण काय, तर टायरमध्ये हवा भरत होतो. थंड टायरमध्येच हवा बघायची हे बरोबर, पण ते सहाच्या आधी उठून बघायचं असतं. अडीच तासांत माझा दोनदा चहा आणि एकदा बीपी झालं.

स्टेपनीचा टायर जुना आहे. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल. चार चाकांवर ते ठीक होते, स्टेपनीवरचे वाचून मी मालकाला दाखवले. मान हलवली, पण बदलेल तेव्हा खरं. ट्रेलरचे टायर कमी फिरतात, उन्हात उभे राहूनच म्हातारे होतात आणि फुटतात.

आत एकच बल्ब आहे, तोही समोर. मागच्या चाकाचे पट्टे मोबाइलच्या उजेडात बांधले. बाजूच्या भिंतीला ड्रायव्हरच्या दारासमोर एक मोठी झडप ठेवली असती तर गाडी आत असताना दार उघडता आलं असतं. रेसच्या ट्रेलरमध्ये ही सोय असते. मालक म्हणतो भिंत कमजोर होते. मी त्याला कागदावर चौकटीचं चित्र काढून दिलं. रॅचेटचे लोखंडी हँडल फरशीवर मोकळे राहतात, त्यांना रबराच्या पिशव्या हव्यात. या वेळी ते रंगाजवळ नव्हते म्हणून निभावलं.

पुण्यात अडचण आली ती सिंहगड रोडला. भावाच्या सोसायटीच्या गल्लीत हा ट्रेलर वळणं शक्यच नव्हतं. मालकानं आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं, लोकेशनसोबत गल्लीचा फोटो मागायला काय जातं. शेवटी जवळच्या एका मोकळ्या मैदानात गाडी उतरवली. उतरवताना विंच उलटं फिरवून, तेच ठोकळे, तीच वीतवीत, फक्त मागं. मैदानातली क्रिकेटची मॅच थांबली आणि पोरांनी पद्मिनीसोबत फोटो काढले. रंगावर एक ओरखडा नाही. छताच्या व्हेंटमधून थोडी धूळ आत आली होती, काचेवर बोटानं नाव लिहिता येईल एवढी. व्हेंटला जाळी लावायला हवी.

पैसे 18,000, टोल वेगळा, पावतीप्रमाणे. उघडा कॅरियर यापेक्षा जवळपास निम्म्यात जातो. मला जास्त वाटले, पण रंगाचं बिल आठवलं आणि गप्प बसलो. निम्मे आधी, निम्मे गाडी उतरवून बघितल्यावर. हे मी मागितलं आणि त्यानं मान्य केलं. बिल साधं, हातानं लिहिलेलं. कंपनीच्या खात्यात टाकायचं असेल तर आधी बोलून घ्या.

विम्याचं लोक विचारतच नाहीत म्हणून लिहितो. आपल्या गाडीचा पॅकेज विमा असेल तर रस्त्यानं, रेल्वेनं वगैरे नेताना होणारं नुकसान त्यात धरलेलं असतं, पॉलिसीतच ते वाक्य आहे. पण जुन्या गाड्यांचा बहुतेकांकडं नुसता थर्ड पार्टी असतो, त्यात आपल्या गाडीला काही मिळत नाही. माझाही तोच होता, म्हणून लग्नाआधी पॅकेज करून घेतला. दुसरं, ट्रेलरला स्वतःचं आरसी बुक लागतं, स्वतःची नंबर प्लेट लागते. घरी बांधलेल्या बऱ्याच ट्रेलरांना ते नसतं. मी मागितल्यावर मालकानं प्लास्टिकच्या पिशवीतून काढून दाखवलं. तुम्ही कुणाकडूनही गाडी पाठवा, हे आधी बघा. निघण्यापूर्वी गाडीचे चारही बाजूंनी, छताचे आणि किलोमीटरच्या काट्याचे फोटो काढून त्यालाच पाठवून ठेवा, म्हणजे उतरवताना वाद नको.

गाडी आता पुण्यात भावाच्या पार्किंगमध्ये कापड पांघरून उभी आहे. लग्न झालं की परत आणायची. मालकाला दोनदा फोन केला, उचलला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘हो’ एवढंच आलंय, तारीख नाही. रविवारी सकाळी त्याच्या शेडवर जातो. झडपेचं चित्र त्यानं कुठं ठेवलंय तेही बघतो.